मागचा हिस्सा

साहेब, ही चोरी तुम्ही केलीत. माझ्या बहिणीनं, पमीनं नाही, तुम्ही. तीस वर्षं न्यायाच्या खुर्चीवर बसलात, आता थाटीपुरातल्या बंगल्यात बसून लोकांची भांडणं मिटवता, तुमचं नाव निघालं की दोन्हीकडचे वकील माना डोलावतात, आणि असा माणूस घराच्या वाटणीसाठी माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणतो, "गोविंदराव, तुम्ही मोठे. रेघ तुम्ही ओढा, आणि ताईंना आधी उचलू द्या." वर हसलातसुद्धा. तुमच्या काकांनी अशाच म्हशी वाटल्या होत्या म्हणालात. दख्खनेतून इकडे आलेल्या आपल्या घरांत असंच चालायचं, मोठ्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे मोठ्याची लबाडी करायची छाती होत नाही. आमच्या वकिलांना हे ठाऊकच नव्हतं, ते खूश झाले. पमीनं पदर सावरत "चालेल" म्हटलं. मीही चालेल म्हटलं. पण साहेब, लबाडी दोन तऱ्हेची असते. चांगलं आपल्याकडे ठेवायची एक. ती तुमच्या रिवाजानं बंद होते. दुसरी तुमच्या काकांच्या म्हशींना कधी सुचली नसेल. माझ्यासमोर तासभर बसून तुम्हाला ती माझ्या तोंडावर दिसायला हवी होती. मी सराफ्यात बत्तीस वर्षं सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढतो. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच मला कळतं त्याच्या मुठीतल्या सोन्यात काय मिसळलंय. तुम्हाला माणसाचं एवढंही कळू नये?

घर तुम्ही पाहिलंय. फूलबागेच्या पलीकडे कॉलनीत, समोर चांगला रस्ता, मागं सांदीसारखी गली. अठ्ठ्याहत्तर साली नानांनी बांधलं. नाना, म्हणजे आमचे वडील मुकुंदराव, बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. जन्मभर दुसऱ्यांचे पूल आणि दवाखाने काढले, आणि एक घर स्वतःचं. समोर दोन मोठ्या खोल्या, जिना, गच्ची, पाण्याची टाकी, पुढे शटर घातलं ती जागा. तिथं मी, उषा आणि आमचा अंशुल राहतो. मागं एक अंधारं स्वयंपाकघर, न्हाणी, एक बिनकामाची खोली आणि त्याला लागून उत्तरेची खोली. ती नानांची. तिथं ऊन येत नाही. नानांनी मुद्दामच तशी बांधली होती, कारण उत्तरेच्या उजेडात कागदावर हाताची सावली पडत नाही. हे मला नानांनी सांगितलं नाही. ते पमीला सांगत होते, मी गलीतल्या खिडकीखाली उभा होतो. मी अकरा वर्षांचा, ती सात. ती उंच स्टुलावर बसून अर्ध्या ब्लेडनं नानांच्या पेन्सिलींना टोक काढायची, रेजमालाच्या खरबरीत कागदावर घासून ते टोक गालाला लावून पाहायची, आणि नाना म्हणायचे, "झालं का पमाबाई? द्या." पमाबाई. मला कधी गोविंदराव म्हणाले नाहीत. तुम्ही म्हणालात, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली, आणि तुम्हाला वाटलं मी रेघ ओढायला घाबरतोय.

मत्सर हा पुस्तकातला शब्द. मी पुस्तकं पुष्कळ वाचली, दहावी नापास झाल्यावरच वाचली, शिकवायला कुणी नव्हतं म्हणून काहीही वाचली, पण तो शब्द मला माझा वाटत नाही. मला जळतं. बरगडीच्या खाली, उजव्या अंगाला, एका ठिकाणी. राखीला ती भोपाळहून आली की जळतं, तिच्या वर्गातली मुलं गणितात पहिली आली की जळतं, तिचे केस माझ्याआधी पांढरे झाले तेव्हा जरा थांबलं होतं, मग ते तिला शोभतात असं उषा म्हणाली आणि पुन्हा सुरू झालं. माझी बहीण वाईट असती तर किती बरं झालं असतं. ती वाईट नाही. ती मला कधी लागेलसं बोलली नाही. दावा लावला तोसुद्धा मी बोलूच देईना म्हणून. नाना गेले त्यानंतर दोन वर्षं तिनं फोनवर विचारलं, "दादा, घराचं काय करायचं?" आणि दरवेळी मी म्हटलं, "तुला काय घाई झालीये?" तिसऱ्या वर्षी नोटीस आली. सगळ्या कॉलनीला सांगितलं मी, बहिणीनं कोर्टात खेचलं म्हणून. लोक माझ्या बाजूनं बोलले. मला ते गोड लागलं.

नानांची शेवटची सात महिन्यांची दुखणी मी काढली. हे मी तुम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलंत. त्यातलं एक मात्र सांगितलं नाही. दुपारी त्यांना कूस बदलून देत होतो, एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली, आणि ते माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाले, "पमी, उजेड डावीकडून घे." मी म्हटलं, नाना, मी गोविंद. ते म्हणाले, "हो हो. पण डावीकडून घे." मी खिडकीचा एक पल्ला बंद केला, दुसरा उघडला. पमी होऊनच केलं. त्यानंतर मी त्यांना सुधारलं नाही. सात महिन्यांतले शेवटचे दोन महिने मी माझ्या बापाची मुलगी होतो साहेब, आणि तेव्हा ते माझ्याशी जितकं गोड बोलले तितकं जन्मात बोलले नव्हते. ते सगळं बोलणं कुणाच्या नावावर धरायचं? तुमच्या वाटणीपत्रात त्याला रकाना आहे का?

नकाशा तुमच्या टेबलावर मीच पसरला होता. नानांच्या हातचा, जुना निळा कागद, पांढऱ्या रेघा. मागच्या गलीवर एक पांढरा डाग होता, पसरट, तळहाताएवढा. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, "हे काय?" मी म्हटलं, "जुना कागद आहे साहेब." खोटं. तो डाग मी पाडलाय. नाना चहाला आत गेले होते, पमी पाटी आणायला गेली होती, ट्रेसिंगचं कापड नकाशांच्या बोर्डावर ताणलेलं होतं, आमच्याच घराचं, बांधून झाल्यावर दप्तरी ठेवायला नव्यानं काढलेलं. मी आत शिरलो. काळ्या शाईची दौत होती. मी ती पाडली नाही, उचलून ओतली. थोडीशीच, सावकाश. नाना आले, त्यांनी पाहिलं. मारलं असतं तर बरं. त्यांनी माझं मनगट धरून हात बोर्डावरून उचलला, जसा एखादा किडा उचलावा, आणि म्हणाले, "तू बाहेर खेळ." तीन दिवस ब्लेडनं खरवडत बसले, पमी फुंकर मारत होती, पण छपाईत काळ्याचा पांढरा होऊन तो डाग राहिलाच. त्यांना जन्मभर वाटलं की मी धांदरट आहे. मी धांदरट नव्हतो. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय, आणि तेही तुम्हाला, ज्यांची माझी ओळख तीन बैठकांची.

आता रेघेचं ऐका. तुम्ही मला बाजूच्या खोलीत एकट्याला बसवून विचारलंत, "कुठला वाटा आपल्याला आला तर बरं वाटेल?" मी म्हटलं, "कुठलाही. माझ्या मनात काही नाही." तुम्ही मान हलवलीत. आणि मी आठ दिवस तो नकाशा घरी नेऊन बसलो. मला उत्तरेची खोली हवी होती. तिथं राहायला नव्हे. तिथं मला थंडी वाजते, तो बोर्ड अजून भिंतीशी त्याच्या तिरप्या पायांवर उभा आहे आणि त्याच्यासमोर मला बसता येत नाही. मला हवी होती म्हणजे पमीला मिळायला नको होती. इतकं सरळ आहे. मग मी काय केलं? समोरच्या हिश्शात सगळं टाकलं. शटर टाकलं, जिना टाकला, गच्ची, टाकी, मीटर, मोठ्या खोल्या, रस्त्याचा दरवाजा. माझ्या बायकोची ओसरी टाकली, अंशुलची खोली टाकली. मागच्या हिश्शाला दिली गली, ओली न्हाणी, धुरकट स्वयंपाकघर, आणि ती खोली. पाणीसुद्धा समोरच्यांकडे मागावं लागेल अशी रेघ. वजनाचा काटा एका बाजूला जमिनीला टेकवला. पमी गणिताची बाई आहे, मूर्ख नाही, ती समोरचं उचलणार, तिचा मुलगा तिथं क्लास काढायचं बोलत होताच. ती समोरचं घेईल, लोक म्हणतील गोविंदनं स्वतः मागचं ठेवलं, केवढं मन. आणि मी बायकोपोरासकट गलीत जाऊन त्या खोलीला कुलूप घालून बसेन. उषानं रेघ पाहिली तेव्हा तिच्या हातातली परात खाली आली. "अहो, तुम्हाला वेड लागलंय का? हे काय वाटे आहेत? बिल्कुलच बेअक्कल आहात का तुम्ही?" मी म्हटलं, "मोठ्यानं मोठेपणानं वागावं." ती म्हणाली, "मोठेपणा गलीत राहून करा. मी माहेरी जाते." अंशुल म्हणाला, "बाबा, सीरियसली? मतलब मी बुलेट कुठे लावू? न्हाणीत?"

गेल्या रविवारी तुम्ही आलात. धुकं होतं, दहा वाजले तरी समोरचं घर दिसत नव्हतं. पमी सकाळच्या गाडीनं आली, डोक्याला मफलर, हातात बेडईचा, डाळ भरलेल्या पुऱ्यांचा, पुडा. "वहिनी, गरम आहेत, लगेच खा." उषानं पुडा घेतला आणि तोंड फिरवलं. तुम्ही बेडई खाल्लीत, दोन, भाजी मागून घेतलीत. अंशुल भिंतीला टेकून मोबाईल बघत होता, पण बघत नव्हता. मग तुम्ही हात पुसले आणि म्हणालात, "ताई, सगळं फिरून बघा. घाई नाही." ती फिरली. गच्चीवर गेली, टाकीचं झाकण वाजवून पाहिलं, शटर अर्धं वर करून पाहिलं. मी मागं मागं. बरगडीखाली काही नव्हतं, साहेब, मी खरं सांगतो, एकदम गार होतं, मला वाटत होतं की झालं. ती म्हणाली, "दादा, शटरला तेल नाही घालत का तू?" घरधन्यासारखी म्हणाली. मी मनात हसलो. मग ती मागं वळली, उत्तरेच्या खोलीच्या दाराशी थांबली, आणि तुम्हाला म्हणाली, "साहेब, या, ही नानांची खोली." तुम्ही दोघं आत गेलात. ते दार हिवाळ्यात फुगतं, ढकललं की आपोआप घट्ट बसतं. बसलं. मी बाहेर. तोच मी, तेच बाहेर, फक्त गलीत जाऊन खिडकीखाली मावण्याएवढा लहान मी आता उरलो नव्हतो, खाली वाकावं लागलं असतं आणि अंशुल बघत होता. एक मिनिट. फार तर सव्वा. मग दार खरकन उघडलं, तुम्ही पुढे, ती मागं, आणि ती माझ्याकडे न बघता उषाला म्हणाली, "वहिनी, मी मागचं घेते."

पुढचं तुम्ही पाहिलंत. उषानं तिचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. "वन्सं, वन्सं" एवढंच. अंशुल ओरडला, "आत्या, तू ना, ग्रेट आहेस! बाबा, सुना क्या? अपना तो हो गया!" त्यानं मला मिठी मारली. चार वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही माझा हात हातात घेऊन म्हणालात, "गोविंदराव, अशी भावंडं मी फार थोडी पाहिली." आणि मी उभा. माझ्या घरात आनंद झाला होता आणि तो सगळा माझ्याच फायद्याचा होता. कुणाला सांगू की लुटला गेलो? समोरचं सगळं मिळालं म्हणून कुणी तक्रार लिहिली आहे का आजवर? उषा त्या दिवसापासून पमीचं नाव घेतल्याशिवाय जेवत नाही. काल वांग्याचं भरीत वाढताना म्हणाली, "वन्संना आवडतं." मी ताट सरकवलं. "काय झालं?" "मीठ जास्त आहे." "मीठ बरोबर आहे. तुमचंच डोकं फिरलंय. जे हवं होतं ते मिळालं तरी तोंड हे असं." मला काय हवं होतं ते तिला तीस वर्षांत विचारावंसं वाटलं नाही, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, हेही खरं.

सराफ्यात बसतो, गिऱ्हाईक बांगडी पुढे करतं, मी कसोटीच्या दगडावर घासतो, रेघ बघतो, आणि रेघ दिसत नाही. परवा दुकानाच्या शेटजींनी मला विचारलं, "क्या बात है पंडितजी, तबियत?" मी म्हटलं, ठंड लग गई. मला ती त्या खोलीत उभी दिसते. एकदा ती दयेनं उभी दिसते. दादानं मूर्खपणानं सगळं समोर टाकलंय, त्याची बायको रडतेय, पोराला बुलेट लावायला जागा नाही, जाऊ दे, मी मागचं घेते. तसं असेल तर तिनं मला भीक घातली, आणि घालताना तिला कळलंही नाही की ती कुठल्या ताटातून उचलून देतेय. मग दुसरी दिसते. हिशेबच केला नाही तिनं, तिला खोलीच हवी होती, पहिल्यापासून, माझ्यासारखीच, आणि तिनं ती सगळ्यांदेखत सरळ मागून घेतली. हवी होती आणि घेतली. मी आठ दिवस कागदावर वाकून जे करू शकलो नाही ते तिनं चार शब्दांत केलं. ही दुसरी पमी मला सहन होत नाही. पहिलीही होत नाही, पण पहिलीला निदान माफ न करणं जमेल.

आणि याच्यावर तिचं जाताना झालेलं बोलणं. तुमची गाडी निघून गेली होती. ई-रिक्शात बसल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं आता म्हणेल काही. ती म्हणाली, "दादा, एक काम करशील? त्या खोलीतलं ते लाकूड काढून घे. मी तिथं ओटा घालीन म्हणते, ते जुनं स्वयंपाकघर फार अंधारं आहे." लाकूड म्हणाली. बोर्ड नाही, नानांचा बोर्ड नाही. लाकूड. रिक्शावाला म्हणाला, "चलें बहनजी?" आणि ती गेली. मी रस्त्यात उभा. एका क्षणी असा आनंद झाला मला की पाय हलके झाले. तिला काही वाटतच नाही! ती त्याच्या जागी गॅसची शेगडी ठेवणार! नानांनी ज्या पमाबाईला डावीकडचा उजेड शिकवला ती तिथं फोडणी देणार! म्हणजे एवढी वर्षं मी रिकाम्या जागेवर जळलो. आणि कॉलनीच्या वळणापर्यंत ती रिक्शा पोचायच्या आत तो आनंद उलटा फिरला, कारण मला आठवलं की हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि "काढून टाक" म्हणाली नव्हती. "काढून घे" म्हणाली होती.

घे. मला दिला का तिनं तो? तिला कळलंय का सगळं? मी खिडकीखाली असायचो ते तिला स्टुलावरून दिसत होतं का? दौतीचं तिला ठाऊक आहे का? सात वर्षांची मुलगी पाटी आणायला किती वेळ घेते, साहेब? ती दारातच उभी असू शकते. उभी राहून, बघून, पन्नास वर्षं गप्प बसून, आणि आता मलाच सगळं देऊन. असं असेल तर मी या बाईशी एकाही बाबतीत बरोबरी करू शकत नाही, आणि नाना चुकले नव्हते.

म्हणून हे लिहितोय. सोमवारी सह्या आहेत. वकिलांचे कागद तयार आहेत, उषानं पेढ्यांची ऑर्डर दिली आहे. त्याआधी शनिवारी सुतार येणार, बोर्ड त्याच्या पायांवरून उतरवायला. चार फूट बाय पाच, एकसंध, फुगलेल्या दारातून आडवा निघेल की नाही ते तोच बघेल. पमीला तो खरंच नको असेल तर मी तो समोर आणीन, माझ्या पलंगाच्या डोक्याशी भिंतीला लावीन, सही करीन, आणि जितकं जगायचं तितकं त्याच्याकडे पाठ करून का होईना पण त्याच्याजवळ झोपेन. आणि तिला तो हवा असेल, हवा असून माझ्यासाठी त्याला लाकूड म्हणाली असेल, तर त्याच्या एका खिळ्याला हात लावायचा मला हक्क नाही. मग मी सही करणार नाही. भिकेवर माझी सही होणार नाही. दावा पुन्हा उभा राहील, पेढे परत जातील, अंशुल पुन्हा चार वर्षं मिठी मारणार नाही, जाऊ दे. फोन करून मी तिला विचारू शकतो, असं म्हणू नका. तिला विचारलं की ती मला जे बरं वाटेल तेच सांगणार, आणि तिचं बरं वाटवणं मला पुरे झालंय.

विचारायला तुम्हीच आहात. त्या बंद दाराच्या आत तिच्याबरोबर तुम्ही होता, आणखी कुणी नाही. पक्षकाराशी झालेलं बोलणं गुप्त असतं हे मला शिकवू नका. ती तुमची बैठक नव्हती, ते माझं घर होतं, आणि ती काय बोलली हे मी विचारतच नाही. डोळ्यांनी काय पाहिलंत तेवढं विचारतोय. तुम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होता. शनिवारी सकाळी नऊच्या आत मला लिहून कळवा, किंवा अंशुलचा नंबर तुमच्याकडे आहे, एक शब्द टाका. तिनं त्या बोर्डाला हात लावला का? हो की नाही?